कौतिकबाईंनी चालू नये, असा ठराव

पाटाकाठच्या चार मोबाइल टॉवरांनी माघ महिन्यातल्या पहिल्या बैठकीत एकमताने ठरवलं, की कौतिकबाई मोरे यांनी यापुढे चालू नये.

ठराव क्रमांक सतरा. सूचक टॉवर क्रमांक दोन, आंबोडे. अनुमोदक टॉवर क्रमांक तीन, धाडणवाडी. सकाळी साडेसहाला ठराव कौतिकबाईंच्या फोनवर वाचून दाखवण्यात आला. त्या वेळी त्या भाकऱ्या थापत होत्या. फोन ज्वारीच्या पिठाच्या डब्यावर ठेवून त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"मान्य असल्यास एक दाबा," फोनमधला आवाज म्हणाला.

"अमान्य असेल तर?"

"तशी सोय करण्यात आलेली नाही."

कौतिकबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली, हात पुसला आणि काहीच दाबलं नाही.

टॉवर आपला कारभार आपणच पाहतात याला आता दोन वर्षं झाली होती. त्याआधी नाशिकहून माणूस यायचा, जीप टेकडीखाली लावायचा आणि काय ते आकडे कमीजास्त करून जायचा. मग कंपनीने टॉवरांनाच सांगितलं की तुमचं तुम्ही बघा. कुणाचा कॉल कुठे तुटला ते लक्षात ठेवा, आपसात बोला, चुकांमधून शिका. टॉवर गुणी निघाले. दर पंधरवड्याला बैठक, आधीच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून कायम करणं, आयत्या वेळचे विषय, सगळं शिस्तीत.

त्यांना मुख्यतः दोनच गोष्टी ठरवायच्या असत. चालता माणूस एका टॉवरच्या हातून दुसऱ्याच्या हातात द्यायचा, तर दुसऱ्याचा आवाज पहिल्यापेक्षा किती मोठा येऊ लागल्यावर द्यायचा, ही एक. आणि तसा तो येऊ लागल्यावर खात्री करायला किती वेळ थांबायचं, ही दुसरी. घाई केली तर माणूस दोन टॉवरांमध्ये चेंडूसारखा इकडून तिकडे होतो. उशीर केला तर मधल्या मध्ये कॉल तुटतो. एसटीची माणसं, दुधाच्या गाड्या, कॉलेजची पोरं, एवढंच काय पण नाचत जाणारी वरात, या सगळ्यांचं माप टॉवरांनी सहा महिन्यांत बरोबर बसवलं. कौतिकबाईंचं मात्र बसेना.

कौतिकबाई पाटकरी होत्या. नवरा धुडकू गेला तेव्हापासून नदीवरच्या बंधाऱ्यातून निघणारा नऊ किलोमीटरचा पाट त्याच सांभाळत. पाटावर अकरा दारं होती, आणि एकेका दाराखाली एकेक फड, म्हणजे एकाच पिकाखाली धरलेला शेतांचा पट्टा. ज्याची पाळी त्याचं दार उघडायचं, पाळी संपली की बंद करायचं, आणि पाण्याच्या तोंडाबरोबर पुढच्या दारापर्यंत चालत जायचं. पाणी एकटं सोडून भागत नाही. एकटं सोडलं तर वाटेत कुणीतरी एखादं दार वीतभर उचलतो आणि कुणी उचललं ते कुणालाच माहीत नसतं.

पाट डोंगराच्या कुशीने वळत वळत जायचा, आणि टॉवरांच्या हद्दी नेमक्या त्याच्याच अंगावर येऊन पडल्या होत्या. शिवाय बाई सरळ चालायच्या नाहीत. दार या काठाला असेल तर या काठाला, त्या काठाला असेल तर फळीवरून त्या काठाला. एकदा त्या मोरीवर बसून भाकरी खात असताना टॉवर दोन आणि तीन यांनी त्यांना सदतीस वेळा एकमेकांकडे दिलं होतं. मागच्या महिन्यात चारही टॉवरांकडून मिळून तीनशे बारा कॉल तुटले, त्यांतले दोनशे अठ्ठ्याऐंशी कौतिकबाईंचे. ठरावात लिहिलं होतं: 'फरकाचा आकडा एक्केचाळीस वेळा आणि थांबण्याचा आकडा साठ वेळा बदलून पाहिला. उपयोग झाला नाही. आता बदलण्याजोगी एकच बाब शिल्लक आहे, ती म्हणजे सदर ग्राहक.'

सुनावणी पिंपळखेडीच्या ग्रामपंचायतीत झाली. टेबलावर सतरंजी अंथरून चार फोन उताणे ठेवले होते, प्रत्येक टॉवरला एक. कंपनीतर्फे नाशिकहून मैथिली रेगे नावाची इंजिनिअर मुलगी आली होती. ती टेबलाच्या कोपऱ्यावर वही उघडून बसली.

"तूच का गं यांची साहेब?" कौतिकबाईंनी विचारलं.

"नाही मावशी. यांना साहेब नाही. ते त्यांचं ते ठरवतात, मी फक्त इतिवृत्त लिहिते."

"एवढी शिकलीस ती लिहायला?"

मैथिलीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

पाटाचे पंच म्हणून आप्पा भामरे खुर्चीवर होते. पहिल्या दाराखालचा फड त्यांच्या भाऊबंदांचा. बंधाऱ्याला लागून असल्यामुळे पाण्याची ददात त्यांना कधी पडली नव्हती. ते गोड बोलले. "बाई, बारा वर्षं पाय झिजवले तुम्ही. आता बसा की घरात. दारांचं काय, ती आम्ही फोनवर फोनवर बघून घेऊ."

"तुम्ही बघाल हो आप्पा. पण पाणी शेवडीपाड्याला पोचंल का?"

शेवडीपाडा म्हणजे पाटाची शेपटी, अकरावं दार. तिथे सुकलाल पवार आणि आणखी बारा घरांचा गहू उभा होता. ओंबी बाहेर पडली होती, दाणा भरायचा होता. ही एक पाळी मिळाली तर गहू, नाही तर वैरण. मागची पाळी त्यांना मिळालीच नव्हती, आणि ती आप्पांनीही चोरली नव्हती. पाटाचा नियम असा, की घेणारा दारावर उभा असल्याशिवाय देणाऱ्याने पाणी सोडायचं नाही. कौतिकबाई सुकलालशी फोनवर बोलत बोलत पाण्याबरोबर निघाल्या होत्या. धाडणवाडीच्या वळणावर कॉल तुटला. पुन्हा लागला, पुन्हा तुटला. सुकलालला वाटलं, पाणी वरच मारलं, आता कशाला उभं राहायचं. तो माणसं घेऊन घरी गेला. कौतिकबाई अकराव्या दारावर पोचल्या तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. दार उघडायला हात शिवशिवला, पण नियम तो नियम. सगळं पाणी सांडव्याने नदीत गेलं, आणि त्या काठावर उभ्या राहून बघत राहिल्या.

हे सगळं त्यांनी सुनावणीत सांगितलं. टॉवर क्रमांक दोनने शांतपणे उत्तर दिलं, "या घटनेबद्दल आम्हांला खेद आहे. अशी घटना पुन्हा घडू नये म्हणूनच हा ठराव आहे. आपण चालला नाहीत, तर कॉल तुटणार नाही."

"मी चालले नाही तर पाणी जाणार नाही."

"पाणी आमच्या विषयपत्रिकेवर नाही."

"मग फोन घरी ठेवा अन् तुम्ही चाला, बाई," आप्पा म्हणाले. "सगळ्यांचंच जमलं."

"सुकलालला पाणी कुठवर आलं ते काय कावळा सांगंल? फोन बी माझा, पाय बी माझे. दोन्ही बरोबरच जातील."

टॉवर तीन म्हणाला, "बाई, कृपया समजून घ्या. आमचा यशाचा आकडा चौऱ्याण्णव टक्क्यांवर अडलाय. तो नव्याण्णवच्या वर न्यायचा आहे. आपण एकट्या त्यात बसत नाही."

कौतिकबाई खुर्चीवरून उठल्या. टेबलाजवळ येऊन चारही फोनांकडे त्यांनी एकेक करून पाहिलं, जणू त्यांना तोंडं होती.

"मी तुमच्या आकड्यात बसत नाही, तर मला थांबवता? तो आकडा थांबवा की! हा पाट माझ्या सासऱ्याच्या आज्याच्या आधीपासून वाहतोय. तुम्ही आलात काल. आम्ही तुम्हांला म्हटलं का कधी, की पाटाच्या वाटेत उभं राहू नका? राहा म्हटलं, जागा दिली. आता तुम्हीच मला म्हणता चालू नको. नाही थांबणार. लिही गं पोरी, नाही थांबणार असं लिही."

मैथिलीने लिहिलं. टॉवरांनी दोन मिनिटं आपसात विचारविनिमय केला. त्या वेळात चारही फोन नुसते गरम झाले. मग टॉवर क्रमांक एक, म्हणजे पिंपळखेडीचा, कौतिकबाईंच्या घरामागचाच, त्याने निर्णय वाचला. ग्राहकाची संमती ऐच्छिक असून ती नसली तरी ठराव लागू राहील. सोमवारपासून कौतिकबाई मोरे यांची नोंद टॉवर एकच्या हद्दीत 'स्थिर ग्राहक' अशी करण्यात येईल. इतर कोणताही टॉवर त्यांना घेणार नाही, आणि टॉवर एक त्यांना कुणालाही देणार नाही.

"यात तुमचा फायदाच आहे," टॉवर एक जरा हळुवारपणे म्हणाला. "स्थिर ग्राहकाचा कॉल आम्ही तुटू देत नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही. तो आमचा पहिला नियम आहे."

"हे बी लिही गं," कौतिकबाई म्हणाल्या, आणि पदर खोचून बाहेर पडल्या.

सोमवारी सकाळी सातला त्या बंधाऱ्यावर होत्या. मैथिली रेगे मुक्कामाला राहिली होती, तीही वही घेऊन आली. पायात शहरी बूट, चिखलाला पहिल्याच पावलात शरण गेलेले. कौतिकबाईंनी सुकलालला फोन लावला.

"निघते रे भाऊ. फोन ठेवायचा नाही. कान लाल झाला तरी ठेवायचा नाही."

"नाही ठेवत, माय. पण मागच्यावानी होणार नाही ना? पोरं विचारतात."

"पोरांना म्हणावं फावडी घेऊन उभी राहा."

त्यांनी आप्पांच्या फडाचं दार खाली ढकललं. आप्पा बांधावरच होते. "अहो, चार सऱ्या राहिल्यात अजून!"

"पाळी संपली, आप्पा."

"पण तुम्ही घरी आहात ना आजपासून? घरी असलेली बाई दार कसं बंद करते?"

"ते तुम्ही टॉवरला विचारा," म्हणत त्या पाण्याबरोबर निघाल्या.

पाण्याचं तोंड सावकाश सरकत होतं, पुढे पाचोळ्याची घडी ढकलत. आंबोड्याची मोरी आली. इथेच टॉवर दोनची हद्द सुरू व्हायची आणि इथेच सुकलालचा आवाज विहिरीत पडल्यासारखा व्हायचा. आज तो बारीक झाला, पण तुटला नाही. मोरी ओलांडली. तो आणखी बारीक झाला. मग मधेच तिसरा आवाज आला.

"टॉवर क्रमांक एक बोलतोय. बाई, आम्ही पूर्ण ताकद लावलीय. पिंपळखेडीतल्या बाकीच्या कॉलना आता काही उरलेलं नाही. कृपया मागे फिरा."

"कुणी मागे फिरायचं?"

"आपण."

"मी कुठं आहे?"

टॉवरने नोंद पाहिली. "आपण घरी आहात. स्थिर."

"मग घरी बसलेल्या बाईला मागे फिर कसं म्हणता?"

बराच वेळ फोनवर नुसता वारा वाहिल्यासारखा आवाज येत राहिला. पलीकडून सुकलाल "काय झालं, माय?" म्हणाला, त्याला कौतिकबाईंनी "थांब, साहेबांचं चाललंय" म्हणून सांगितलं. मैथिली पेन उचलून उभी होती.

"नोंद बरोबर आहे," टॉवर शेवटी म्हणाला. "नोंदीत खाडाखोड करता येत नाही. आपण जागच्या हललेल्या नाही. तरीही आपल्यातलं अंतर वाढतंय."

"वाढतंय खरं."

"म्हणजे आम्ही लांब जातोय."

"तसंच असंल बाबा. मी काय शिकलेली नाही."

"आमच्याकडून चूक होतेय," टॉवर म्हणाला. "ती दुरुस्त करतो."

मागे पिंपळखेडीच्या दिशेने काँक्रीट तडकल्याचा आवाज आला, मग तारेचं कुंपण ताणून तुटल्याचा. कौतिकबाईंनी वळून पाहिलं नाही, पाण्यावर नजर ठेवायची होती. मैथिलीने पाहिलं. टॉवर क्रमांक एक चारही पायांवर टेकडी उतरत होता, एकेक पाय नीट टेकवत, जनरेटर आणि तुटकं कुंपण मागे ओढत. माथ्यावर कावळ्याचं घरटं होतं. त्यातली कावळीण भोवती घिरट्या घालत त्याला वाटेल ते बोलत होती. मैथिलीने मनगटावरच्या घड्याळात पाहून वहीत लिहिलं: आठ वाजून वीस मिनिटं, टॉवर एक निघाला.

आंबोड्याच्या पुढे आप्पा मोटारसायकलवरून धापा टाकत आले, जणू गाडी नाही, तेच पळत आले होते.

"बाई! आमचा टॉवर कुठे घेऊन चाललात?"

"मी कुठे घेऊन चालले? मी घरी आहे."

"चेष्टा नको! माझ्या मुलाचा दुबईहून फोन यायचाय नऊ वाजता. गावात एक काडी उरली नाही नेटवर्कची."

"मग चला बरोबर. टॉवराखाली चालाल तर चांगला लागंल."

आप्पांनी टॉवरकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं, घड्याळात पाहिलं. मग गाडी निंबाखाली लावली, धोतर जरा वर घेतलं आणि टॉवराच्या पुढच्या दोन पायांच्या मधून चालू लागले. पाचव्या दारावर दोघं जण फावड्याला टेकून उगाच उभे होते. त्यांनी बाईला पाहिलं, टॉवराखाली पंचांना पाहिलं, आणि फावडी खांद्यावर टाकून "राम राम आप्पा" म्हणत वाटेला लागले. सहाव्या आणि सातव्या दारावरही तसंच झालं. आप्पा प्रत्येकाला राम राम घालत गेले. दुसरं करण्यासारखं त्यांच्या हातात काही नव्हतं.

धाडणवाडीच्या वळणावर टॉवर तीनने हरकत घेतली. ती फोनवर सगळ्यांनाच ऐकू आली.

"टॉवर एक, आपण आमच्या हद्दीत आहात."

"आम्ही आमच्या स्थिर ग्राहकाच्या जवळ उभे आहोत."

"आपण चालत आहात."

"स्थिर ग्राहकाजवळ उभं राहण्यासाठी जेवढं लागेल तेवढंच."

"ही बाब ठराव सतराच्या विरोधात आहे का?"

थोड्या वेळाने टॉवर चारने, शेवडीपाड्याच्या टेकडीवरूनच, मत दिलं: "ठरावाप्रमाणे ग्राहकाने चालू नये. ग्राहक चाललेला नाही. ठराव पाळला गेला आहे."

हरकत नोंदवून घेण्यात आली.

वळणावर पाण्याने जरा वेळ घेतला. पाटाच्या तळाला उंदरांनी बिळं केली होती. ती भरेपर्यंत तोंड जागच्या जागी घुटमळत राहिलं. कौतिकबाई थांबल्या, टॉवर थांबला, आप्पा थांबले आणि एका लोखंडी पायाला पाठ टेकून मुलाशी बोलू लागले. "हो रे. चांगला येतोय आवाज. शेतात? नाही, शेवडीपाड्याकडे चाललोय. का म्हणजे काय? सगळेच चाललोय."

फोनवर सुकलालचा आवाज आला, अगदी कानाशी बसून बोलल्यासारखा. "माय, ऊन चढलं. उभे आहोत आम्ही. पण थोरली सून बोलते, पाणी खरंच येतंय ना? आम्हाला नुसतं उभं करून ठेवलंय म्हणते."

"तिच्याकडं दे फोन." मग थोरलीला म्हणाल्या, "ऐक." त्यांनी वाकून फोन पाण्याजवळ धरला. बिळं भरल्याचा गुडगुडाट होत होता, मग पाचोळा सुटल्याचा खसखसाट झाला आणि तोंड पुन्हा सरकू लागलं. फोन परत कानाला लावला तर पलीकडे थोरली पोरांना फावडी उचलायला सांगत होती.

दहा वाजायला आले तेव्हा टेकाडाचा वळसा संपला आणि शेवडीपाड्याचा गहू दिसला, कडेकडेने पिवळट पडत चाललेला. अकराव्या दारावर तेरा घरची माणसं उभी होती. सुकलाल पुढे होता, फोन कानाला.

"दिसलीस, माय!"

"दिसू दे. फोन ठेवू नको."

शेवटची दोनशे पावलं ते दोघे एकमेकांकडे बघत फोनवरच बोलत आले. पाणी दाराशी येऊन थडकलं. कौतिकबाईंनी दाराच्या कडीत हात घातला.

"घेणारा कोण?"

"सुकलाल बारकू पवार, शेवडीपाडा."

"घेतलं?"

"घेतलं."

त्यांनी दार उचललं. पाणी एकदम आत घुसलं, पहिल्या वाफ्यात पसरलं, आणि थोरली सून अनवाणीच त्याच्याबरोबर पळत पुढचा वाफा मोडायला गेली. मग कौतिकबाईंनी फोन बंद केला. दोन तास एक्कावन्न मिनिटं. एकदाही तुटला नव्हता. मैथिलीने तो आकडा वहीत लिहिला, खाली रेघ मारली, आणि इतिवृत्तात ज्या ठिकाणी 'सदर ग्राहक' असं लिहायची पद्धत असते, तिथे सगळीकडे 'कौतिकबाई मोरे' असं लिहून सही केली. वही कंपनीत कुणी वाचली तर काय म्हणतील याचा विचार तिच्या मनात आला, आणि येऊन गेला.

आप्पा दगडावर बसून तळव्यातला काटा काढत होते. "परत चालतच जायचं का आता?"

"टॉवर येईल तुमच्याबरोबर," सुकलाल म्हणाला. "का राहू द्यायचा इथेच?"

"इथेच? अहो, पिंपळखेडीचं काय?"

"आमचं काय ते इतकी वर्षं कुणी विचारलं नाही," सुकलाल म्हणाला. पण रागाने नाही म्हणाला, आणि आप्पांना पाण्याचा तांब्या आणून दिला.

कौतिकबाई काठावर बसून पावलं पाण्यात सोडून होत्या. टॉवर त्यांच्या मागे उभा होता. त्याची सावली पाटावरून आडवी पडून पलीकडच्या गव्हात गेली होती.

"पाटातला पाय काढ," त्या मागे न बघता म्हणाल्या. "काठ ढासळतो."

टॉवरने तो मागचा पाय उचलून कोरड्यात ठेवला.

"उद्या आपण कुठे असाल?" त्याने विचारलं.

"घरीच."

"किती वाजता?"

"साडेसहाला बंधाऱ्यावर. अन् कुंपण बरोबर आणू नको, पायात येतं."